हाक मारायला नाव नसलेलं घर

मधाची पोळी काढणारा यसलम वारला, तेव्हा पूर-समितीच्या यादीतलं त्याचं नाव मुझनानंच खोडलं. पट्टी लावून, लाल शाईनं, सरळ एक रेघ. मुलींच्या शाळेत ती पंधरा वर्षं शिकवत होती, वहीतली गिचमीड तिला खपत नसे. पडद्यापलीकडून अवदकाकांनी विचारलं, "खोडलंस? बरं केलंस. मेलेल्याला पुराची वर्दी द्यायला गेलो तर तो म्हणेल, बाबांनो, मी आधीच पोचलोय." बैठकीतले सगळे हसले. पडद्याच्या अलीकडे मुझनाही हसली. पुढे त्या दिवसाचं दुसरं काही आठवलं नाही तरी हे हसणं तेवढं तिला आठवायचं.

घैल सिद्रा गावाची ही समिती दोन वर्षांची. किनाऱ्यावरच्या शहरातून एका संस्थेची माणसं आली होती. ती एक भोंगा, सहा पिवळी जाकिटं आणि एक जाड वही देऊन गेली, आणि जाताना एक अट घालून गेली. समितीत एक तरी बाई पाहिजे. गावानं डोकं खाजवलं. लिहितावाचता येणारी आणि जिच्या नवऱ्याला विचारायला नको अशी बाई गावात एकच होती, कारण तिला नवराच नव्हता. त्यातून ती समितीप्रमुख अवदकाकांची सख्खी पुतणी. झाली मुझना सभासद. बैठक काकांच्या दिवाणखान्यात भरायची, आणि मुझना आतल्या दाराच्या पडद्यामागे वही मांडीवर घेऊन बसायची. संस्थेची माणसं आली की तिला पडद्याबाहेर बोलावत, बुरख्यासकट तिचा फोटो काढत, चहा पीत आणि जात. बाकी वेळी तिचं काम म्हणजे बाकीच्यांचं बोलणं उतरवून घेणं.

गावची रीत अशी, की दारात उभं राहून हाक मारायची ती घरातल्या पुरुषाच्या नावानं. तो सौदीत ट्रक चालवत असला, चार वर्षांत घरी फिरकला नसला, तरी हाक त्याचीच. आतली बाई काय समजायचं ते समजते. पुरुष नसेल तर मुलाच्या नावानं, मग मुलगा पाळण्यात का असेना. बाईचं नाव गल्लीत उच्चारत नाहीत. अवदकाकांच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली, पण काकूचं नाव त्यांच्या जिवलग मित्रालाही ठाऊक नाही. ते तिला 'घर' म्हणतात. घराला ताप आलाय. घर माहेरी गेलंय. एकदा म्हणाले, घर चिडलंय, तेव्हा परगावचा पाहुणा भिंतीकडे बघायला लागला होता.

तर पूर येणार असं कळलं की भोंगा घेऊन दारोदार जायचं, यादीतलं नाव पुकारायचं, त्या घरातली माणसं निघाली की खूण करायची. यादीत चोवीस नावं होती, यसलमचं सतरावं. ते खोडल्यावर तेवीस राहिली. यसलमला मुलगा नव्हता. एक मुलगी होती, सात वर्षांची रहमा, आणि मुलीच्या नावानं कुणी दारात हाक मारत नाही. मेलेल्याच्या नावानं विधवेच्या दारात ओरडणं तर कुणी वैऱ्यालाही करू देणार नाही. म्हणजे यसलम गेला आणि त्याच्या घराला हाक मारायला नावच उरलं नाही. घर कुठलं, तर खजुरीच्या बागेपलीकडचं, अगदी वादीच्या, म्हणजे एरवी कोरड्या असणाऱ्या नदीच्या काठावरचं, गावातलं सगळ्यांत सखल. त्या घरात यसलमची विधवा सलूम इद्दतीला बसली होती, म्हणजे नवरा गेल्यावर चार महिने दहा दिवस उंबरा ओलांडायचा नाही.

सलूम आणि मुझना एका वयाच्या. लहानपणी दोघी ताडाच्या पानांच्या उंच टोप्या घालून लसूणघास कापायला जायच्या आणि निम्मा वेळ विळे टाकून गप्पा मारायच्या. नवरा जाऊन चाळीस दिवस झाले तेव्हा मुझना तिला भेटायला गेली. सलूम आतल्या खोलीत काळ्या कपड्यांत बसली होती. डोळ्यांत काजळ नाही, हाताला मेंदी नाही, आरसा भिंतीकडे तोंड करून ठेवलेला. फोन तिचा दीर सेयून शहरात आपल्या घरी घेऊन गेला होता, विधवेला फोन कशाला म्हणून.

"या, समिती आली," सलूम म्हणाली. जिभेची धार तेवढी कुणी काढून घेतली नव्हती.

"जेवलीस का?"

"मावससासूनं सुक्या माशाचा भात पाठवलाय. तीन दिवस तोच खातेय. इद्दत माझी आहे का त्या माशाची, हेच कळेनासं झालंय."

मुझनाला हसू आवरेना. मग सलूमचं लक्ष दाराकडे गेलं. दारात रहमा बियांनी खेळत होती, तिला ऐकू जाऊ नये म्हणून तिनं आवाज खाली आणला.

"यंदा पठारावर ढग लवकर जमतायत म्हणे. घास कापणाऱ्या बायका सांगत होत्या, वरच्या झऱ्याचं पाणी लाल झालंय. पूर आला तर मी काय करायचं गं?"

"निघायचं. मी धर्म शिकवणाऱ्या उस्तादबाईंना विचारून आलेय. जिवावर बेतलं तर इद्दतीतल्या बाईनंही बाहेर पडावं. धर्माची ना नाही."

"धर्माची नाही गं, गावाची आहे. ढग बघून मी आपली आपण निघाले आणि पाणी आलंच नाही, तर? म्हणतील, हिला नुसतं निमित्त हवं होतं. दीर तर टपूनच बसलाय. माझ्यात एक खोट सापडली की रहमाला उचलून नेईल. तोंडावर सांगून गेलाय तसं." तिनं मुझनाचं मनगट धरलं. "कुणीतरी येऊन मला हाक मारली पाहिजे. गावानं बोलावलं म्हणून निघाले, असं झालं पाहिजे. मग बघ, अनवाणी पळत येईन."

"मारतील हाक."

"कोण?"

"समिती. नाहीतर मी. पण हाक येईल, शब्द देते."

"दिलास हं शब्द. मी आपली कान लावून बसते," सलूम म्हणाली. मग रहमाला हाक मारून तिनं बाईंसाठी खजूर आणायला सांगितलं.

शब्द पाळायचा म्हणून मुझनानं जे केलं ते तिच्या स्वभावाला धरून होतं. तिनं वहीत उपाय शोधला. सेयूनहून तिनं लाल रंगाचा एक डबा आणि ब्रश मागवला, आणि पुढच्या बैठकीत पडद्याआडून बोलली.

"काका, घरांना नंबर घालू या. दारावर रंगानं लिहायचं, एक, दोन, तीन. भोंग्यावर नंबर पुकारायचा. म्हणजे कुणाचं नाव घ्यायला नको आणि कुठलं घर सुटायलाही नको."

पुरुषांनी चहाचे पेले खाली ठेवले.

"नंबर तुरुंगात असतात," एक जण म्हणाला.

"आणि शेळ्यांच्या कानाला," दुसरा म्हणाला. "मला आपला तेरा द्या, म्हणजे सासुरवाडीचे यायचे बंद होतील."

पुन्हा हशा. अवदकाका मात्र हसले नाहीत. माणूस वाईट नव्हता, पुतणीवर त्यांची माया होती. ते म्हणाले, "पोरी, तुझं डोकं चालतं, मला माहीत आहे. पण घाई कशाला? ईद होऊ दे, मग बघू."

"मग तोवर यसलमचं घर यादीत राहू दे. खाली पेन्सिलनं लिहिते, 'यसलमचं घर'."

"यसलम आहे कुठे? दारात जाऊन तुझ्या भावानं, करामानं काय ओरडायचं? आणि ती काय वाऱ्यावर आहे का? दीर आहे की तिला. वेळ आली तर तो बघेल."

दीर सेयूनला, गाडीनं दोन तासांवर. मुझनाच्या ओठांवर आलं, की काका, पाणी दोन तास थांबत नाही. तिनं ते गिळलं. आधीच तिचं त्या दिवशी जास्त बोलून झालं होतं, आणि जास्त बोलणाऱ्या बाईला पुढच्या बैठकीला बोलवायला लोक विसरतात. पेन्सिलनं लिहिलेलं तिनं खोडरबरानं पुसून टाकलं. घरी आल्यावर भावाला, करामाला, बजावलं, कारण भोंगा आणि मोटारसायकल त्याच्याकडे होती.

"करामा, पूर आला तर आधी सलूमच्या घरी जायचं. यादीत नसलं तरी."

"जाईन ना, ताई. किती वेळा सांगशील?" करामा म्हणाला. तो खरंच जाणार होता, त्याबद्दल मुझनाला नंतरही कधी शंका आली नाही.

ईदला अकरा दिवस होते तेव्हा पाणी आलं.

गावावर त्या दिवशी लख्ख ऊन होतं. घैल सिद्रात पूर असाच येतो, पाऊस पठारावर आणि पाणी आपल्या दारात. अकराच्या सुमाराला घास कापणाऱ्या बायका वरच्या घळीतून भारे टाकून धावत आल्या आणि सांगू लागल्या, की शेळ्या खाली उतरायला तयार नाहीत, वाऱ्याला ओल्या मातीचा वास येतोय. अवदकाकांनी त्यांना पाणी प्यायला दिलं आणि सांगितलं, की वरच्या ठाण्यावरून फोनवर निरोप आला की समिती निघेल, प्रशिक्षणात तसंच सांगितलंय. निरोप आला दुपारच्या नमाजेनंतर. तोवर दीड तास गेला होता.

निरोप आल्यावर मात्र समितीनं कामात कसूर केली नाही. करामानं पिवळं जाकीट घातलं, भोंगा गळ्यात अडकवला, यादी मोटारसायकलच्या टाकीवर चिकटवली आणि निघाला. दोन वर्षांत तीन वेळा सराव झाला होता. तिसऱ्या सरावाला संस्थेच्या साहेबानं त्याची पाठ थोपटली होती, का तर एक नाव इकडचं तिकडे न करता त्यानं यादी वरून खालपर्यंत नेली. आताही त्यानं तसंच केलं. सोळावं नाव पुकारलं, माणसं निघाली, खूण केली. पुढचं नाव होतं अठरावं. त्याच्या डोक्यात पुराचा आवाज, म्हाताऱ्यांचा गोंधळ आणि यादी एवढंच होतं, आणि डोळ्यांसमोर बहिणीनं पट्टी लावून मारलेली सरळ रेघ.

मुझना तेव्हा मुलींच्या शाळेत होती. एकतीस मुली, एक बाई. दोन-दोनच्या ओळी करून, हात धरायला लावून, तिनं त्या सगळ्यांना टेकडीवरच्या मुलांच्या शाळेत नेलं. गावात सिमेंटची तेवढी एकच इमारत. तिथे आधी आलेल्या पुरुषांनी दोन्ही वर्ग भरून टाकले होते, आणि बायकांसाठी वेगळी खोली कुणाच्या लक्षात आली नव्हती. म्हणून बायका जिन्यात बसल्या, बाळंतिणीसकट. मुलींना तिनं जिन्याखाली बसवलं, मोजलं, पुन्हा मोजलं. एकतीस. करामा घामाघूम होऊन पोचला आणि त्यानं यादी काकांच्या हातात दिली. काकांनी वरून खाली बोट फिरवलं.

"तेवीसच्या तेवीस! देवाची कृपा, एकही राहिलं नाही."

पुरुषांनी देवाचे आभार मानले. मुझनाला इतकं हायसं वाटलं, की ती जिन्याच्या भिंतीला टेकली. तेवीसच्या तेवीस हे शब्द तिनं मनात एकदा म्हणूनही पाहिले. तेवढ्यात जिन्याखालच्या मुलींतून रहमानं तिचा बुरखा ओढला.

"बाई, माझी आई कुठे बसलीय?"

मुझना जिना चढून गच्चीवर कशी गेली ते तिला आठवत नाही. गच्चीवर पंचवीस-तीस पुरुष कठड्याला टेकून वादीकडे बघत होते. बाईनं तिथे यायचं नव्हतं. ती घुसली, करामाला दंडाला धरून फिरवलं.

"सलूम कुठाय?"

करामाला तेव्हा आठवलं. तो जिन्याकडे धावला, पण बागेच्या कडेचा पाट आताच छातीएवढा वाहत होता आणि त्यात मोटारसायकल घालणं म्हणजे आणखी एक मढं. तो परत फिरला. समोर बागेपलीकडे सलूमचं घर कोरडं उभं होतं. हाकेच्या अंतरावर. काठाकाठानं वर जाणारी पायवाट अजून मोकळी होती, ती धरून टेकडीच्या मागच्या अंगानं येता आलं असतं.

"ओरड! भोंग्यावर ओरड!"

करामानं भोंगा तोंडाशी धरला. मग थांबला. "काय ओरडू, ताई?"

तीस पुरुष त्याच्याकडे बघत होते. त्यानं घसा खाकरला आणि तो ओरडला, "अहो, घरवाले! अहो, त्या घरातले!" एकदा, दोनदा. गावात सगळीच घरं त्या घरासारखी, आणि हाक सगळ्यांनाच लागू. काठावरच्या दारात काही हललं नाही. मुझनाला समजलं ते का हललं नाही. आत ती कान लावून बसली होती, आणि ही हाक तिची नव्हती.

मुझनानं भोंगा त्याच्या हातातून ओढून घेतला.

"पोरी!" अवदकाका म्हणाले. "सगळ्यांच्या समोर? तुझा आवाज..."

"सलूम!" ती ओरडली. "सलूम, निघ! सलूम, मी मुझना! बाहेर ये, सलूम!"

बाईचा आवाज भोंग्यातून, आणि त्यात बाईचं नाव. वादीच्या समोरच्या कड्यावर आपटून ते नाव परत आलं. आणि दार उघडलं.

सलूम बाहेर आली, तिनं सांगितलं होतं तशीच, अनवाणी. डोक्यावर काही नव्हतं. दोन महिने न विंचरलेले केस खांद्यावर आलेले. उन्हामुळे डोळ्यांवर हात धरून तिनं टेकडीकडे पाहिलं, मुझना कुठे आहे ते शोधलं, आणि हात वर केला.

तेव्हा गच्चीवर एक गोष्ट झाली. उघड्या डोक्याची परस्त्री समोर दिसताच, चांगल्या घरातल्या माणसांनी जे करायचं ते सगळ्यांनी केलं. त्यांनी माना खाली घातल्या, कुणी पाठ फिरवली. कुणी कुणाला सांगितलं नाही. अवदकाकांनी डोळे मिटून प्रार्थना पुटपुटायला सुरुवात केली. मुझना ओरडत होती, "वरच्या वाटेनं! दोर आणा कुणीतरी! मागच्या बाजूनं उतरा, तिला हात द्या!" आणि तिच्यासमोर तीस पाठी होत्या. एकटा करामा तिच्या शेजारी कठड्याला धरून उभा होता. त्याला मान फिरवायचं सुचलं नाही.

सलूम वरच्या वाटेला लागली. वीस पावलं, तीस पावलं. मग वळणावरून पाणी आलं, तपकिरी, झाडंबिडं घेऊन, उभंच्या उभं. बागेतल्या खजुरी आडव्या झाल्या. घर मातीच्या विटांचं, ते पाण्यात नुसतं बसलं. वाटेवर काळं काहीतरी एकदा दिसलं आणि मग दिसलं नाही.

"झालं का?" पाठ फिरवलेल्यांतल्या कुणीतरी हळूच विचारलं. मुझनानं भोंगा खाली ठेवला.

सलूम तिसऱ्या दिवशी दोन गावं खाली चिखलात सापडली. बायकांनीच तिला अंघोळ घातली. आणि त्याच दिवसापासून गाव तिच्याबद्दल बोलू लागलं ते असं, की कसली पुण्यवान बाई. पाणी दाराशी आलं तरी इद्दत मोडली नाही. उंबरा ओलांडला नाही. अशा बायका आता कुठे राहिल्यात?

मुझना पहिल्यांदा ऐकत राहिली, मग चिडली. ती काकांकडे गेली.

"काका, ती बाहेर आली होती. मी हाक मारली आणि ती आली. तुम्ही तिथे होता."

अवदकाका थकलेले दिसत होते. "पोरी, मी काही पाहिलं नाही."

"तुम्ही डोळे मिटण्याआधी पाहिलंत."

"ऐक माझं. तीस परपुरुषांनी तिला उघड्या डोक्यानं पाहिलं, हे गावात फिरायला हवंय का तुला? मेल्यावर तिची अब्रू कोण राखणार? आपणच ना? कुणी काही पाहिलेलं नाही. तू हाक मारलीस तेही कुणी ऐकलेलं नाही, तुझ्या भल्यासाठी. विषय संपला."

तो खरंच संपला. महिन्याभरानं संस्थेची माणसं आली. अहवाल मुझनानंच लिहिला होता, काकांनी सांगितला तसा: घरं तेवीस, सुखरूप तेवीस. मोडलेल्या घरांच्या रकान्यात एक. ते घर यादीत नसल्यामुळे समितीच्या कामात धरलेलं नव्हतं. पाहुण्यांनी समितीचं कौतुक केलं आणि बायकांचा सहभाग कसा आहे ते विचारलं. तेव्हा काकांनी मुझनाला पडद्याबाहेर बोलावलं आणि तिचा फोटो निघाला. चहा घेताना काका म्हणाले, की आमच्या पुतणीनं एक चांगली कल्पना काढलीय, दारांना नंबर. पाहुणे फार खूश झाले.

मग नंबर घालायचं ठरलं. लाल रंगाचा डबा तिच्या कपाटात होता तसाच होता, वर साय धरली होती. करामानं ती काडीनं काढली. भाऊ डबा धरी, बहीण लिही. एक, दोन, तीन. शाळेतल्या फळ्यावर काढावे तसे सुबक आकडे. लोक दारात उभे राहून बघत होते. नंबरांवर आता कुणी विनोद केला नाही. उलट एक जण म्हणाला, आधीच घालायला हवे होते.

सोळाव्या दारानंतर मुझना पुढच्या दारापाशी थांबली. ते जुन्या यादीतल्या अठराव्या नावाचं घर, पण घरं आता तेवीसच. यादीत रेघेची जागा नसते, नवी यादी कोरी लिहिलेली होती. तिनं ब्रश बुडवला आणि त्या दारावर सतरा लिहिलं.

तेवढ्यात गल्लीतून सलूमचा दीर आला. रहमाचं बोट त्यानं धरलं होतं, दुसऱ्या हातात तिचं बोचकं. सेयूनची गाडी दुपारी होती. पोरीच्या अंगावर नवा झगा होता आणि ती बाईंना दाखवायला थांबली. मुझना खाली बसली, तिच्या उंचीला आली.

"बाई," रहमा म्हणाली, "आजी म्हणतात आईनं उंबरा ओलांडला नाही म्हणून ती स्वर्गात गेली. पण मी शाळेत होते ना, टेकडीवर. मग ती माझ्याकडे का नाही आली?"

"आली होती, रहमा. मी तिला हाक मारली आणि ती लगेच बाहेर आली. तुझ्याकडेच येत होती. पळत."

"वहिनीबद्दल असलं काही बोलू नका," दीर जमिनीकडे बघत म्हणाला. आवाज चढवला नाही त्यानं. "पोरीच्या मनात नसतं भरवू नका. आमची वहिनी घराबाहेर पडलेली नाही. सगळं गाव साक्ष आहे."

"करामाला विचारा," मुझना म्हणाली. "करामा, तू माझ्या शेजारी होतास. तू मान फिरवली नव्हतीस. सांग हिला. एवढं एकच सांग, तिची आई आली होती का नाही."

रहमानं करामाकडे पाहिलं. दीरानंही पाहिलं, सतराव्या दारातल्या माणसांनी पाहिलं. करामा डबा हातात धरून उभा होता. गेला महिनाभर तो झोपेत ओरडून उठत होता आणि सकाळी काही झालं नाही म्हणत होता. त्याचे ओठ हलले. मग त्यानं डब्यातल्या रंगाकडे पाहिलं.

"मी काही पाहिलं नाही," तो म्हणाला.

रहमानं मान हलवली, वर्गात गणिताचं उत्तर फळ्यावर मिळालं की हलवायची तशी. आपल्या काकाचं बोट धरलं आणि चालायला लागली. गल्लीच्या वळणावर तिनं बाईंना हात केला, रोज शाळा सुटल्यावर करायची तसाच.

मुझना बराच वेळ खाली बसून राहिली. दारातली माणसं आत गेली. ब्रशवरचा रंग सुकायला लागला होता.

"ताई," करामा खालच्या आवाजात म्हणाला, "पुढचं कितवं?"

"अठरावं," मुझना म्हणाली आणि उठली.